गळाच्या काठीचीं कडीं



गळाची काठी म्हटली कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक लांब वेत, वेताच्या टोंकाला दोरी, दोरीच्या टोंकाला गळ आणि कांठावर डुलक्या घेत बसलेला एक निरुद्योगी मनुष्य असें चित्र उभें राहतें. त्या निरुद्योगी मनुष्यांपैकीं मी एक आहें. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण झालें नाहीं. पस्तीस वर्षें मुलांना गणित आणि विज्ञान शिकविलें आणि निवृत्त झाल्यावर पाण्याच्या कांठीं बसूं लागलों. बसतां बसतां स्वतःची काठी स्वतः बांधण्याचा नाद लागला, व पुढें स्नेह्यांच्याही काठ्या माझ्याकडे येऊं लागल्या. हौशी मंडळींत काठी बांधणें म्हणजे कारखान्यांत तयार झालेली कोरी नळी विकत घेऊन तिला आपल्या हातास साजेल अशी मूठ, रीळ बसविण्याची बैठक आणि दोरी वाहून नेणारीं कडीं बसविणें. यांपैकीं नळीची निवड सर्वजण चोखंदळपणें करतात, मुठीचीही करतात. कडीं मात्र दुकानदार देईल तीं घेतात. दुकानदार त्यांना गाईड म्हणतात, आणि अगदीं शेंड्यावर जें शेवटचें कडें बसतें त्याला टिप-टॉप. आपल्याकडे कडक इस्त्रीचे कपडे घालून निघालेल्या गृहस्थाला टिपटॉप म्हणण्याची चाल आहे. त्याचा येथें संबंध नाहीं. मी आपला त्याला शेंड्याचें कडें म्हणेन.

या कड्यांकडे माझें लक्ष गेलें तें एका फजितीमुळें. कांहीं वर्षांपूर्वीं अलिबागेकडील एका खाडींत भरतीच्या वेळीं मी गरवीत बसलों होतों. कोंकणांत गळानें मासे धरण्याला गरवणें असा सुरेख शब्द आहे. दिवेलागणीच्या सुमारास दोरीला असा हिसका बसला कीं मूठ हातांतून जावयाची ती राहिली. रायगड जिल्ह्यांत ज्याला जिताडा म्हणतात आणि ज्याच्यासाठीं तेथील लोक वाटेल तो भाव देतात, तो मासा असावा; कारण एकदां तो पाण्याबाहेर उसळला आणि त्याची पांढरी कूस मला दिसली. पांच मिनिटें आमची ओढाताण चालली. मग एकाएकीं काठी सरळ झाली. दोरी गांठीपाशीं तुटली नव्हती, कीं गळापाशीं तुटली नव्हती. ती शेंड्याजवळच तुटली होती आणि तिचें टोंक कापसाच्या वातीसारखें पिंजलेलें होतें.

घरीं येऊन भिंग लावून पाहिलें, कांहीं दिसेना. तेव्हां सौभाग्यवतींनीं देवाच्या वातींसाठीं ठेवलेल्या कापसाचा एक पेळू शेंड्याच्या कड्यांतून फिरवून पाहिला. एका ठिकाणीं कापसाचे तंतु अडकले. डोळ्यांना न दिसणारा, केंसाएवढा तडा कड्याच्या आंतील कडेला गेलेला होता. ती काठी मी एस्. टी.च्या गाडींत सामानाच्या फळीवर उघडीच टाकली होती, तेव्हां दोष कोणाचा हें सांगावयास नकोच. आणि तें कडेंही मी घासाघीस करून मिळेल तें स्वस्त घेतलेलें होतें. मासा गेला याचें दुःख दोन दिवसांत ओसरलें. परंतु दोरी शेंड्यापाशीं तुटल्यामुळें तोंडांत गळ आणि मागें चाळीस-पन्नास हात लांब दोरी घेऊन तो जीव तिवरांच्या मुळ्यांत शिरला असेल, व तेथें ती दोरी अडकून त्याचें काय झालें असेल, हा विचार पुष्कळ दिवस गेला नाहीं. तेव्हांपासून मी कडीं पारखून घेऊं लागलों.

प्रथम, कडीं लागतात तरी कशाला? आपल्या पूर्वजांच्या काठीला तीं नव्हतीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत मत्स्यविनोद म्हणून गळानें मासे धरण्याचें एक प्रकरणच आहे. आजही आपल्या नद्यांच्या कांठीं मुलें बांबूच्या टोंकाला दोरी बांधून मासे धरतात. दोरी टोंकालाच बांधलेली असल्यावर ती काठीवरून धांवत नाहीं आणि तिला वाट दाखविण्याची गरज पडत नाहीं. चीनमधील मा युआन या चित्रकारानें इ. स. ११९५च्या सुमारास काढलेल्या एका चित्रांत थंडीच्या दिवसांत होडींत बसलेला एकटा कोळी आहे. त्याच्या काठीला चक्री आहे. रिळाचें इतकें जुनें चित्र दुसरें माहीत नाहीं. एकदां चक्री आली कीं दोरी मुठीपासून शेंड्यापर्यंत धांवणार. आणि ती काठीला चिकटून धांवूं नये, तिला कोठें वळावयाचें तें कळावें, म्हणून कडीं आलीं.

परंतु दोरीला वाट दाखविणें हें कड्यांचें अर्धेंच काम झालें. दुसरें अर्धें काम मासा लागल्यावर सुरू होतें. दोरी ही काठीला फक्त कड्यांपाशीं भेटते. तेव्हां माशाचें सारें ओढणें काठीच्या अंगांत शिरतें तें या लहान लहान दारांतूनच. शाळेंत बलांचा समांतरभुज चौकोन शिकविला जातो तो येथें उपयोगी पडतो. दोरी एखाद्या कड्यापाशीं फक्त दहा अंशांनीं वळत असली व तिला पांच किलोंची ओढ असली, तर त्या कड्यावरील दाब एक किलोहूनही कमी येतो. तीच दोरी एकाच कड्यापाशीं नव्वद अंशांनीं, म्हणजे काटकोनांत वळली, तर त्या एकट्या कड्यावर सात किलोंच्या वर दाब येतो. यावरून दोन गोष्टी निघतात. एक अशी कीं, कडीं पुरेशीं असलीं म्हणजे वांक पुष्कळ कड्यांत वांटला जातो आणि काठी एखाद्या चांगल्या धनुष्यासारखी सर्वांगानें वांकते. कडीं थोडीं असलीं तर दोन कड्यांमध्यें दोरी वांकाच्या आंतून सरळ रेषेंत जाते, काठी त्या त्या जागीं कोंपरांत मोडल्यासारखी वांकते व एखादे दिवशीं खरोखरच मोडते. दुसरी गोष्ट अशी कीं, कितीही कडीं लावलीं तरी शेंड्याच्या कड्याची यांतून सुटका नाहीं. कारण त्याच्या पुढें काठीच नाहीं. मासा ज्या दिशेला जाईल त्या दिशेला दोरी तेथूनच वळणार. म्हणून सर्वांत अधिक दाब, सर्वांत अधिक घर्षण आणि सर्वांत अधिक झीज शेंड्याच्या कड्याची होते. पैसे थोडे असतील तर ते तेथें खर्च करावेत. बाजारांत मात्र उलट पाहण्यांत येतें: मुठीजवळचें मोठें कडें चकचकीत व उंची, आणि शेंड्यावर कसली तरी वाटी ठोकलेली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मोठें कडें येतें हेंच त्याचें कारण असावें.

कडें कशाचें असावें या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि तो सारा दोरीच्या इतिहासामागून गेलेला आहे. घोड्याच्या शेपटीचे केंस व रेशीम यांच्या दोऱ्या मऊ होत्या. त्यांना पोलादी तारेचें कडें पुरत असे. ज्यांना अधिक गुळगुळीत हवें ते शेंड्याला आणि मुठीजवळच्या पहिल्या कड्याला अकीक बसवीत. तोच अकीक, जो आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सांपडतो आणि ज्याचे मणी खंबायतेस घडवितात. अकीक दिसावयास देखणा. पण एकदां दगडावर आपटला कीं तडकला, आणि तडकलेला अकीक म्हणजे दोरीला लावलेली सुरीच. पुढें १९३८ मध्यें अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें व त्याची एकधाग्याची दोरी आली. हिलाच आपल्या किनाऱ्यावर तंगूस म्हणतात. तंगूस कठीण व ओलेपणीं वाळू धरणारा. तो पोलादी तारेंत हळूहळू खांच पाडूं लागला. आणि १९९० नंतर तर एक नवीच विणलेली दोरी प्रचारांत आली. ज्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आपण बाजारांतून आणतों त्याच जातीच्या पदार्थाचे अत्यंत लांब रेणु एका दिशेनें ताणून तिचे तंतु काढतात. त्यामुळें ती तेवढ्याच जाडीच्या तंगुसापेक्षां कितीतरी बळकट असते. ही दोरी मऊ धातूच्या कड्याला करवतीप्रमाणें कापते. म्हणून आज कड्याची चौकट धातूची असली तरी तिच्या आंत एक कठीण, भट्टींत भाजून केलेली चिनी मातीच्या जातीची बांगडी बसविलेली असते, व दोरी तिलाच घासते.

या बांगड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली ॲल्युमिनियम ऑक्साईडची. नांव परकें वाटलें तरी वस्तु आपल्या घरचीच आहे; हाच तो कुरुंद, ज्याच्या भुकटीनें आपले शिकलगार तलवारी व सुऱ्या परजीत. इंग्रजी भाषेनें कोरंडम हा शब्द आपल्या देशांतूनच नेला. तामिळांत कुरुंदम् व संस्कृतांत कुरुविंद असे त्याचे पूर्वज सांपडतात. माणिक आणि नीलमणि हे त्याच्याच घराण्यांतले श्रीमंत भाऊबंद. काठिण्याच्या मापांत हिरा दहावा तर कुरुंद नववा. दुसरी बांगडी सिलिकॉन कार्बाईडची. अमेरिकेंतील ॲचिसन या संशोधकानें १८९१ मध्यें, कृत्रिम हिरे करण्याच्या खटाटोपांत, माती व कोळशाची पूड विजेनें तापविली. हिरे झाले नाहींत, पण हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे लखलखीत स्फटिक हातीं आले. त्यांस त्यानें कार्बोरंडम असें नांव दिलें, आणि धार लावण्याच्या दगडांच्या रूपानें तें नांव आपल्या सुतारांच्याही तोंडीं बसलें आहे. जपानांतील फूजी कंपनीनें १९८१च्या सुमारास त्याच पदार्थाच्या, आरशासारखें पाणी दिलेल्या बांगड्या काठ्यांसाठीं आणल्या. यांचा गुण केवळ कठीणपणा नव्हे. मोठा मासा दोरी ओढून नेऊं लागला कीं घर्षणानें कडें तापतें, आणि नायलॉन किंवा विणलेली दोरी यांना उष्णता मुळींच सोसत नाहीं. सिलिकॉन कार्बाईड ही उष्णता कुरुंदापेक्षां कितीतरी लवकर वाहून नेतें व चौकटींत पसरवितें.

मग सर्व कडीं याच महागड्या जातीचीं घ्यावींत काय? माझें मत असें कीं, तळ्यांत व धरणाच्या पाण्यांत दोन-तीन किलोंचे मासे धरणाऱ्याला त्याची कांहीं गरज नाहीं. चांगल्या घोटलेल्या कुरुंदाच्या बांगड्या आयुष्यभर पुरतात. शेंड्याचें आणि त्यामागचें एक, अशीं दोन कडीं तेवढीं वरच्या प्रतीचीं घ्यावींत. खाऱ्या पाण्यांतील मोठ्या माशांमागें लागणाऱ्यानें, व विणलेली दोरी वापरणाऱ्यानें, मात्र काटकसर करूं नये. कोणतेंही कडें घेतांना पेळूची कसोटी अवश्य करावी. दुकानांत कापूस काढून बसलों म्हणून मला लोक हंसले आहेत. पण दोनदां मी त्याच पायीं कडें परत केलेलें आहे.

चौकटीविषयीं थोडक्यांत सांगतों. ती दोन पायांची असते किंवा एका पायाची. दोन पायांची मजबूत. जेथें काठी हालअपेष्टा सोसणार, जेथें ती होडीच्या कांठावर आदळणार, तेथें तीच घ्यावी. एका पायाची हलकी, आणि तिला दोऱ्याची बांधणी व वरचें रोगण निम्मेंच लागतें. तिला सरळ काठीच्या शेंड्याकडील अर्धा भाग द्यावा. स्टेनलेस पोलाद गोड्या पाण्याला पुरतें. समुद्रावर त्यालाही कालांतरानें गंज धरतो. टिटॅनियमला धरत नाहीं, आणि त्याचें वजनही पोलादाच्या निम्म्याहून थोडेंच अधिक भरतें. पण किंमत ऐकून मनुष्य गप्प बसतो. चौकट कोणतीही असो, तिच्या पायाचें टोंक बोटानें चांचपून पाहावें. पुष्कळदां तें खिळ्यासारखें बोथट व धारदार ठेवलेलें असतें. बारीक कानशीनें त्याला उतरता आकार द्यावा, म्हणजे बांधणीचा दोरा त्यावर सुखानें चढतो आणि काठी वांकली असतां पायाची कड नळीच्या तंतूंत रुतत नाहीं.

आतां कडीं केवढीं घ्यावींत आणि कोठें बसवावींत. येथें आपलें रीळ कोणत्या जातीचें आहे हें प्रथम पाहिलें पाहिजे. पतंगाची फिरकी आठवा. मांजा सोडतांना फिरकी स्वतः गरगर फिरते व मांजा सरळ निघतो. एका जातीच्या रिळांत चक्री अशीच फिरते. तें रीळ काठीच्या वर बसतें, दोरी सरळ येते, आणि तिला पहिल्यापासून लहान कडीं चालतात. काळजी घ्यावयाची ती एवढीच कीं, काठी वांकली असतां दोरी नळीला टेंकूं नये, म्हणून कडीं जरा अधिक लावावीं लागतात. दुसऱ्या जातीच्या रिळांत चक्री स्थिर असते आणि दोरी तिच्या ओठावरून निसटत जाते, जशी गिरणींत कांडीच्या टोंकावरून सुताची गुंडाळी सुटते. ही उपमा माझी नव्हे. इंग्लंडांतील लोकरीच्या गिरणीचे एक मालक इलिंगवर्थ यांनीं गिरणींतील कांडी पाहूनच असलें रीळ योजिलें व १९०५ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. हें रीळ काठीच्या खालीं लटकतें, आणि आज आपल्याकडे हौशी माणसांच्या हातांत बहुधा हेंच दिसतें.

या दुसऱ्या रिळांतून दोरी सरळ येत नाहीं. मोठमोठीं वेटाळीं घेत, भोंवऱ्यासारखी येते. कड्यांचें काम तीं वेटाळीं धरून, लहान करून, शेवटीं सरळ रेघेंत आणणें हें होय. म्हणून पहिलें कडें मोठें व नळीपासून उंच, दुसरें त्याच्या निम्म्याएवढें, आणि तिसऱ्यापासून शेंड्यापर्यंत सारखींच बारीक कडीं, अशी रचना करतात. कड्याचा जो क्रमांक दुकानांत सांगतात तो बहुधा बांगडीच्या बाहेरच्या व्यासाचे मिलिमीटर असतात. दोरी जाण्याची आंतील जागा त्याहून लहान असते हें विसरूं नये. पहिलें कडें चक्रीच्या व्यासाच्या सुमारें निम्में घ्यावें. माझ्या रिळाची चक्री चाळीस मिलिमीटरांची आहे. तिला मी २०, मग १०, आणि मग साडेपांचाचीं कडीं लाविलीं. वेटाळीं ज्या कड्यापाशीं संपून दोरी सरळ व्हावी त्याची जागा काढण्यासाठीं कांहीं कारागीर चक्रीच्या व्यासाला सत्तावीसनें गुणतात. माझ्या हिशेबानें चाळीस गुणिले सत्तावीस म्हणजे १०८० मिलिमीटर, म्हणजेच चक्रीपासून सव्वा मीटराच्या अलीकडेच तें येतें. पुढचीं सर्व कडीं बारीक ठेवण्यास हरकत नसते. पूर्वीं शेंड्यापर्यंत मोठीं मोठीं कडीं लावीत; दोरीला मोकळीक मिळावी असा हेतु होता. परंतु मोकळीक मिळाली कीं दोरी शेंड्यापर्यंत फडफडत जाते आणि काठीवर चापट्या मारीत राहते. बारीकपणालाही मर्यादा आहे. ज्याला दोरीच्या पुढें दुसरी जाड दोरी गांठावी लागते, त्यानें ती गांठ कड्यांतून खुशाल जाते कीं नाहीं हें आधीं पाहावें. नाहींतर मासा पायापाशीं आल्यावर गांठ अडकते.

संख्येविषयीं एक जुना ठोकताळा आहे: काठी जितकी फूट लांब तितकीं कडीं, अधिक एक, शेंड्याचें वेगळें. सात फुटी काठीला आठ. पण कोऱ्या नळ्या सर्व सारख्या नसतात. कोणी शेंड्याकडेच वांकते, कोणी मुठीपर्यंत. म्हणून पुस्तकांतील कोष्टकावर विसंबून कडीं पक्कीं बांधूं नयेत. सायकलच्या व्हॉल्व्हला जी बारीक रबरी नळी लागते तिचे चकतीसारखे काप करावेत आणि त्यांनीं कडीं तात्पुरतीं अडकवावींत. शेवटचें कडें शेंड्यापासून सुमारें दहा सेंटिमीटरांवर, व तेथून मुठीकडे अंतर थोडें थोडें वाढत जाणारें. मग दोरी ओंवून तिच्या टोंकाला पाण्याची भरलेली बाटली बांधावी आणि काठी उचलून धरावी. घरांतल्या दुसऱ्या माणसास बाजूनें पाहावयास सांगावें. जेथें दोरी व काठी यांच्यामध्यें मोठी फट दिसेल तेथें कडें सरकवावें किंवा एक वाढवावें. दोरी काठीच्या वांकाला समांतर जाऊं लागली कीं पेन्सिलीनें खुणा कराव्यात. या कामीं माझा नातू डोळ्यानें फार तयार आहे. माझ्या चुका तो मोठ्या आनंदानें दाखवितो.

शेंड्याचें कडें बसविण्याची रीत मात्र निराळी आहे. त्याला पाय नसून एक लहान नळकांडें असतें, आणि तें काठीच्या टोंकावर टोपणासारखें जातें. त्याचें माप शेंड्याच्या व्यासावरून घ्यावयाचें. कोठें तें मिलिमीटरांत सांगतात, कोठें इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. तें सैलसर पण डुगडुगणार नाहीं असें असावें. घट्ट होतें म्हणून शेंडा कानशीनें घासणारे लोक मीं पाहिले आहेत. काठीचा जो सर्वांत नाजुक भाग तोच ते खाऊन टाकतात. त्यापेक्षां एक माप मोठें घ्यावें. चिकटविण्यासाठीं कायमचा घट्ट होणारा सरस वापरूं नये, कारण हें कडें पुढेंमागें बदलावयाचें आहे हें ठरलेलेंच आहे. लाख किंवा उष्णतेनें विरघळणारा सरस वापरावा. काढतांना नळकांड्याला जरासा ऊब द्यावी, नळीला नव्हे. हल्लींच्या काठ्या कार्बनच्या तंतूंच्या असल्या तरी ते तंतु राळेसारख्या पदार्थानें जोडलेले असतात, आणि अधिक तापवल्यास ती राळ खराब होते. चिकटवितांना काठीवरून एक डोळा मिटून पाहावें. सर्व कडीं एकांत एक दिसलीं पाहिजेत.

एवढें सारें सांगितलें, पण वजनाची गोष्ट मीं मुद्दाम मागें ठेवली आहे. कारण ती मला माझ्या एका स्नेह्यांमुळें कळली. हे आमच्या शाळेंत चित्रकला शिकवीत. पाण्यावर नेहमीं आम्ही दोघे बरोबर जात असूं. तीन वर्षांपूर्वीं त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारले, वाचा आली. उजव्या हाताची पकड मात्र अर्धीच राहिली. एक दिवस त्यांनीं आपली जुनी सात फुटी कांचतंतूची काठी माझ्याकडे पाठविली आणि निरोप दिला कीं ती कोणा होतकरू मुलास द्यावी, आपल्याला ती उचलतांच तिचें नाक खालीं जातें.

काठी मीं मुलास दिली नाहीं. ती घेऊन बसलों. तिच्यावर दोन पायांचीं जाड पोलादी कडीं होतीं आणि प्रत्येकावर मधाच्या पोळ्यासारखा रोगणाचा गोळा. मुठीकडील तीन कडीं तशींच ठेविलीं. त्यांचें वजन हाताजवळ असतें, तें कोणास जाणवत नाहीं. शेंड्याकडील पांच व शेंड्याचें एक, अशीं सहा काढून सोनाराच्या काट्यावर घातलीं; सात ग्रॅम भरलीं. त्यांच्याऐवजीं टिटॅनियमचीं एकपायी बारीक सहा आणि शेंड्याचें एक, अशीं सात बसविलीं. सातही मिळून दोन ग्रॅमांच्या आंत. सोनार म्हणाला, “मास्तर, पांच ग्रॅमांसाठीं एवढा खर्च?” सोनारानें असें म्हणावें याची मला मौज वाटली. पण हा पांच ग्रॅमांचा प्रश्न नव्हता. तरफेचा नियम असा कीं, हातापासून दीड मीटरावर बसलेला एक ग्रॅम हा पंधरा सेंटिमीटरांवर बसलेल्या दहा ग्रॅमांएवढा मनगटाला जाणवतो. आणि हें झालें काठी नुसती धरण्याचें; ती फिरवितांना, म्हणजे गळ दूर टाकतांना, अंतराच्या वर्गाप्रमाणें भार वाढतो: दुप्पट अंतरावरचा ग्रॅम चौपट जड. शिवाय शेंड्यावर वजन असलें कीं फेंक झाल्यावर शेंडा पुष्कळ वेळ थरथरत राहतो व दोरीला अडथळा होतो. वर्गांत मी पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला धरून, तिच्या टोंकाला मातीची गोळी लावून हेंच दाखवीत असें. गोळी लावली कीं पट्टीचें कंपन मंद होई. तीस वर्षें तो प्रयोग करूनही तो गळाच्या काठीला लागू आहे हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

रोगण मीं पातळ दिलें, आणि तें एका बाजूस ओघळूं नये म्हणून काठी दोन खुर्च्यांच्या पाठीवर ठेवून रात्रभर मधून मधून फिरवीत बसलों. घरांतील मंडळींनीं याविषयीं जें मत दिलें तें येथें सांगण्यासारखें नाहीं. चौथ्या दिवशीं काठी त्यांच्या घरीं नेली. त्यांनीं ती उजव्या हातांत घेतली, शेंडा वर गेला, आणि तो वरच राहिला. त्यांनीं खिडकीबाहेर आंब्याकडे पाहत दोन-तीनदां नुसतीच हवेंत फेंक केली व बोटानें नवीं कडीं एक एक मोजलीं.

त्या रविवारीं आम्ही मुळशीच्या बाजूस गेलों. त्यांना मासा लागला नाहीं. मला एक लहानसा लागला, तो सोडून दिला. त्यांनीं मात्र सकाळपासून अकरापर्यंत गळ टाकला. मधून दोनदां हात विसांव्यासाठीं मांडीवर ठेवावा लागला तेवढाच. परत निघतांना त्यांनीं खिशांतून कापसाचा एक पेळू काढला आणि शेंड्याच्या कड्यांतून फिरवून मला दाखविला. कापूस स्वच्छ निघाला.